शेजारचा बोअर, काकाजी आणि एक्सपी१: सायपायचे स्पेशल फंक्शन वापरताना कुठं फसायला होते

आमचं गाव अंजनगाव आणि परतवाड्याच्या मधात, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्या-केळीचा पट्टा, म्हणजे बोअरशिवाय गाडी चालतच नाही. काकाजींचा बोअर आणि शेजारच्यांचा बोअर यात जेमतेम दोनशे फूट अंतर, आणि दरवर्षी मार्च लागला की तेच भांडण, त्यांनी मोटर टाकली की आमचं पाणी उतरते. मी सुट्टीत घरी आलो तर काकाजी म्हणे, "बाबू, तू गणितात एमेस्सी केलं ना, मंग तुया त्या डबड्यात पाहून सांग बरं, थे आपलं पाणी किती ओढून रायले." मी म्हटलं सांगतो, दहा मिनिटाचं काम आहे. दहा मिनिटाचं काम दोन दिवस चाललं, त्यात एकदा तर कॉम्प्युटरनं सांगितलं की शेजाऱ्यांनी मोटर टाकली की आपल्या बोअरचं पाणी वर येते. ते काहून झालं आणि तुमचं होऊ नये म्हणून काय करायचं, ते लिहून ठेवतो.

आधी एक सांगून टाकतो. खाली कोडच्या ओळी देवनागरीत आहेत कारण मी हे मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर लिहून राहिलो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत इम्पोर्ट, फंक्शनची नावं आणि आकडे इंग्रजीतच टाका. पण गंमत म्हणजे व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवली तर पायथन ३ खरंच घेते, काना-मात्रा-वेलांटीसकट, त्यामुळं उपसा, अंतर, वेळ ही नावं मी माझ्या कोडमधे खरोखर तशीच ठेवली आहेत. टी कॅपिटल म्हणजे काय आणि टी स्मॉल म्हणजे काय हा गोंधळच राहत नाही, करून पाहा.

तर विषय काय, स्पेशल फंक्शन. साइन, कॉस, लॉग यांना कॅल्क्युलेटरवर बटन असते म्हणून ते आपल्याला घरचे वाटतात. तसेच आणखी खूप फंक्शन आहेत जे फिजिक्स, इंजिनिअरिंग, स्टॅटिस्टिक्समधे सारखे सारखे येतात, फक्त त्यांना बटन नाही. गॅमा, बीटा, एरर फंक्शन, बेसल, इलिप्टिक इंटिग्रल, एक्स्पोनेन्शियल इंटिग्रल वगैरे. बहुतेकांची व्याख्या इंटिग्रलनं किंवा सिरीजनं होते आणि उत्तर साध्या सूत्रात निघत नाही, म्हणून कॉम्प्युटर लागते.

बोअरच्या भांडणात जे फंक्शन लागते ते १९३५ साली थाइस नावाच्या अमेरिकन भूजलवाल्यानं आणलं. त्याच्या डोक्यात असं आलं की जमिनीतलं पाणी बोअरकडं सरकते ते लोखंडात उष्णता सरकते तसंच, मग त्यानं ल्युबिन नावाच्या गणितज्ञ मित्राची मदत घेतली आणि उष्णतेचं तयार गणित पाण्याला लावलं. निघालं ते असं: पाण्याच्या पातळीची घट म्हणजे उपसा भागिले चार पाय (३.१४ वाला) टी, गुणिले डब्ल्यू ऑफ यू. आणि यू म्हणजे अंतराचा वर्ग गुणिले एस, भागिले चार टी वेळ. यातला टी म्हणजे थर पाणी किती सहज वाहू देते ते, एस म्हणजे पातळी उतरली की थर किती पाणी सोडते ते. आणि तो डब्ल्यू, भूजलवाले ज्याला वेल फंक्शन म्हणतात, ते म्हणजे गणितवाल्यांचं ई-वन, एक्स्पोनेन्शियल इंटिग्रल: यू पासून अनंतापर्यंत, ई चा उणे एक्स घात भागिले एक्स, याचं इंटिग्रल. बस एवढंच.

आता सायपाय, म्हणजे पायथनची गणिताची लायब्ररी, जिच्यात हे फंक्शन तयार मिळतात. लॅपटॉपवर पायथन असेल तर पिप इन्स्टॉल सायपाय, सोबत नमपाय आपोआप येते. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब मोबाईलच्या ब्राउझरमधे उघडा, तिथं सायपाय आधीच टाकलेलं असते, फक्त नेट पाहिजे, आणि आमच्याकडं नेट म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढलं तर दोन कांड्या. नेट नसेल तर एमपीमॅथ नावाची लायब्ररी एकदा डाउनलोड करून ठेवा, ती निव्वळ पायथनमधे लिहिली आहे, कशावरही चालते, तिचं पुढं येतेच. अन एक, फाईलला सायपाय डॉट पीवाय असं नाव देऊ नका. मी दिलं होतं. पायथन मग खरी सायपाय सोडून तुमचीच फाईल इम्पोर्ट करायला जाते, भलताच एरर येतो आणि माणूस तासभर इन्स्टॉलेशनला शिव्या देत बसते.

कोड असा:

फ्रॉम सायपाय इम्पोर्ट स्पेशल
इम्पोर्ट नमपाय ॲज एनपी
उपसा = १५०
वहन = ५०
साठा = ०.०००५
अंतर = ६०
वेळ = ८ / २४
यू = अंतर**२ * साठा / (४ * वहन * वेळ)
घट = उपसा / (४ * एनपी.पाय * वहन) * स्पेशल.एक्सपी१(यू)

सगळं मीटर आणि दिवसात. उपसा दिवसाला १५० घनमीटर या दरानं, म्हणजे तासाला सव्वासहा हजार लिटर. वेळ ८ भागिले २४ कारण शेतीची लाईन आठ तास धरली. वहन आणि साठा हे मी समजा म्हणून घेतलेले आकडे आहेत, तुमच्या शेताचे वेगळे राहतील. फंक्शनचं नाव ई, एक्स, पी आणि त्याला चिकटून आकडा एक. यू येते ०.०२७, एक्सपी१ देते ३.०६१५, आणि घट ०.७३ मीटर, म्हणजे साधारण दोन फूट पाच इंच.

हे आता इतकं सरळ दिसते. पण मी पहिल्यांदा हे लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं स्पेशल.एक्सपीआय. कारण कॉलेजात एक्स्पोनेन्शियल इंटिग्रल म्हटलं की ई-आय शिकवलं होतं, आणि सायपायच्या यादीत एक्सपीआय दिसलं, म्हटलं हेच. उत्तर आलं उणे ०.७१८ मीटर. घट उणे, म्हणजे पाणी चढलं! आता माणसानं इथं थांबायला पाहिजे का नाही? पण मी काय केलं, म्हटलं चिन्हाची व्याख्या उलटी असंल, आणि सरळ एबीएस, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकणारं फंक्शन, लावून मोकळा झालो. ०.७२ आलं. खरं उत्तर ०.७३. म्हणजे दोन टक्क्याचाही फरक नाही, आणि म्हणूनच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते ग्राफ काढला तेव्हा. काकाजींना दाखवायचं होतं की अंतर वाढलं तर घट किती कमी होते, म्हणून १० मीटरपासून ४०० मीटरपर्यंत आडवं अंतर घेतलं. रेष छान उतरत गेली, २२३ मीटरच्या आसपास शून्याला टेकली, आणि तिथून परत वर चढायला लागली. ३६५ मीटरवर घट पाऊण मीटरच्या निम्म्याहून जास्त, ०.४५ मीटर! म्हणजे लांबचा बोअर जवळच्यापेक्षा जास्त पाणी ओढून राहिला. काकाजींनी चष्मा वर करून पाहिलं अन म्हणे, "बाबू, हे तं आपल्या ग्रामपंचायतीच्या निधीवानी दिसून रायलं, जवळच्याले कमी, लांबच्याले जास्त."

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण अशा चुका अशाच लपतात. यू फार लहान असला की ई-वन म्हणजे जवळपास उणे ०.५७७२ उणे लॉग यू, आणि ई-आय म्हणजे अधिक ०.५७७२ अधिक लॉग यू, दोघं एकमेकांचे उलटे, म्हणून एबीएस लावलं की जुळल्यासारखं वाटते. पण यू वाढला की दोघांची वाट वेगळी. यू एक असेल तेव्हा ई-वन आहे ०.२१९४ आणि ई-आय आहे १.८९५१. ई-वन पुढं मरत जाते, ई-आय फुगत जाते. खरा संबंध असा की ई-वन ऑफ एक्स म्हणजे उणे ई-आय ऑफ उणे एक्स, आतही उणे पाहिजे, मी फक्त बाहेरचाच लावला. ३६५ मीटरवर खरी घट फक्त पाच सेंटिमीटर होती.

आणि हा घोळ फक्त माझा नाही, लायब्रऱ्याच एकमेकींशी बोलत नाहीत. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमधे एक्सपिंट नावाचं फंक्शन आहे, ते ई-वन देते. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या स्टँडर्डमधेही एक्सपिंट नावाचंच फंक्शन आलं, ते देते ई-आय. नाव एक, उत्तर दोन. कोणी मॅटलॅबचा कोड सी प्लस प्लसमधे उतरवून राहिला असेल तर कंपाइलर काही बोलत नाही, गपचूप घेते. जीएसएल या सी भाषेतल्या लायब्ररीवाल्यांनी बरं केलं, त्यांनी नावातच ई१ आणि ई-आय वेगळं लिहिलं.

म्हणून माझा पहिला नियम, फंक्शनचं नाव पाहून वापरायचं नाही, डॉक्युमेंटेशनमधली व्याख्या पाहून वापरायचं. इंटिग्रल कुठून कुठपर्यंत, भागाकार केला आहे का, पॅरामीटर कोणता. ही तीन ओळींची वाचनाची मेहनत आहे पण लोकांना कंटाळा येते, मलाही आला होता.

याच जातीच्या आणखी तीन खोड्या सांगतो, ज्या सगळ्यात जास्त लोकांना चावतात.

पहिली अर्धवट गॅमा फंक्शनची, जिला इनकम्प्लीट गॅमा म्हणतात. सायपायमधे गॅमाइंक मधे आधी ए, मग एक्स, आणि उत्तर गॅमा ऑफ ए नं भागलेलं, म्हणजे शून्य ते एकच्या मधात. मॅटलॅबमधे त्याच नावाच्या फंक्शनमधे आधी एक्स, मग ए. एमपीमॅथमधे त्याच नावाच्या फंक्शनला दोन आकडे दिले तर ते वरचा भाग देते, म्हणजे एक्सपासून अनंतापर्यंत, आणि तेही भागल्याशिवाय. २ आणि ३ टाकून पाहा: सायपायमधे ए दोन, एक्स तीन असेल तर ०.८००९ येते, उलटं टाकलं तर ०.३२३३, आणि एमपीमॅथमधे ०.१९९१. तिन्ही उत्तरं शून्य ते एकच्या मधातली, तिन्ही दिसायला शहाणी, काहीच खटकत नाही. उणे आलं असतं तर निदान शंका तरी आली असती.

हे फंक्शन आमच्याकडं रिकामं नाही बरं का. पावसाचा एसपीआय नावाचा निर्देशांक आहे, १९९३ मधे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मॅकी आणि सोबत्यांनी काढलेला, दुष्काळ मोजायला जगभर वापरतात, तो पूर्ण याच्यावरच उभा आहे. जुन्या तीसेक वर्षांचा एखाद्या महिन्याचा पाऊस घ्यायचा, त्याला गॅमा डिस्ट्रिब्यूशन बसवायचं, मग यंदाच्या पावसाएवढा किंवा त्याहून कमी पाऊस पडायची शक्यता गॅमाइंकनं काढायची, आणि ती शक्यता स्पेशल.एनडीटीआरआय मधे टाकून नॉर्मलच्या भाषेत बदलायची. समजा जुलैसाठी त्या डिस्ट्रिब्यूशनचे दोन आकडे, अल्फा ४ आणि बीटा ६० मिलिमीटर, निघाले, म्हणजे सरासरी २४० मिलिमीटर, आणि यंदा पडला फक्त १२०:

शक्यता = स्पेशल.गॅमाइंक(४, १२० / ६०)
एसपीआय = स्पेशल.एनडीटीआरआय(शक्यता)

शक्यता ०.१४२९, एसपीआय उणे १.०७, उणे एकच्या खाली म्हणजे मध्यम कोरडं. एखाद्या वर्षी त्या महिन्यात पाऊस शून्यच असेल तर गॅमा डिस्ट्रिब्यूशन शून्याला घेत नाही, म्हणून शून्याच्या वर्षांचा हिस्सा आधी वेगळा काढायचा आणि उरलेल्या हिश्श्याला गॅमाइंकनं गुणून त्यात मिळवायचा. जुलैला ही वेळ सहसा येत नाही, पण उन्हाळ्याच्या महिन्यांना येते. आणि अल्फा बसवायला स्पेशल.डायगॅमा लागते: लॉग अल्फा उणे डायगॅमा अल्फा हे बरोबर असलं पाहिजे सरासरीचा लॉग उणे लॉगची सरासरी याच्या, ते समीकरण सायपायच्या ब्रेंटक्यू या समीकरण सोडवणाऱ्या फंक्शननं सुटते.

दुसरी खोडी इलिप्टिक इंटिग्रलची. निंबाच्या झाडाला बांधलेला झोका घ्या, दोर चार मीटरचा. शाळेतलं सूत्र सांगते की एक फेरी ४.०१ सेकंदाची. पण ते लहान झोक्यासाठी, पोरं काही लहान झोका घेत नाहीत, साठ अंशापर्यंत नेतात, मग खरा वेळ काढायला पूर्ण इलिप्टिक इंटिग्रल के लागते, ज्यात साठ अंशाच्या निम्म्याचा साइन म्हणजे अर्धा हा आकडा जाते. आता सायपायच्या एलिप्केला तो अर्धा जसाच्या तसा दिला की फसले, कारण सायपाय वर्ग मागते, म्हणजे ०.२५. ०.२५ दिला तर फेरी ४.३१ सेकंद, ०.५ दिला तर ४.७४. एमपीमॅथ पण वर्गच मागते, पण सी प्लस प्लस आणि जीएसएल मूळ आकडा मागतात, वर्ग नाही. घड्याळ घेऊन दहा फेऱ्या मोजल्या तरी समजून जाते कोण खरं, पण झोका तुमच्या हातानं धक्का न देता सोडायचा, आणि पोरगा बसलेला असंल तर दोर जिथून बांधला तिथून पोराच्या पोटापर्यंत लांबी धरायची, आम्ही आधी पाटीपर्यंत धरली होती.

तिसरी बेसलची, ही पटकन. सायपायमधे जेव्ही मधे आधी क्रम, मग एक्स. एक्सेलमधे बेसलजे मधे आधी एक्स, मग क्रम. संपलं. बेसलचे शून्य पाहिजे असतील, डफाच्या चामड्याचे कंपन वगैरे काढायला, तर जेएन_झिरोज आहे, पहिला शून्य २.४०४८, हातानं न्यूटन लावत बसू नका.

आता दुसरा मुद्दा, जो पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, तो म्हणजे स्वतः लिहायची हौस. मित्र म्हणे, "अबे ई-वनची सिरीज तं सोपी आहे, दहा ओळीत होते, लायब्ररी काहून पाहिजे बे तुले?" सिरीज खरंच सोपी आहे: उणे ०.५७७२, उणे लॉग यू, अधिक यू, उणे यूचा वर्ग भागिले ४, अधिक यूचा घन भागिले १८, असं पुढं. यू ०.०२७ असेल तर चार टर्ममधे काम झालं. पण यू २० करून पाहा. मधातल्या टर्म बावीस-तेवीस लाखाच्या घरात जातात, एक अधिक एक उणे, आणि सगळ्यांची काटाकाटी होऊन उरायला पाहिजे ०.००००००००००९८. डबल प्रिसिजनमधे सोळा आकडे सांभाळले जातात, वीस लाखाच्या टर्ममधे शेवटच्या आकड्याची चूकच या उत्तरापेक्षा मोठी. म्हणजे जे उरते तो निव्वळ कचरा, कधी उणे पण येते. ट्रक तोलायच्या काट्यानं सोन्याची नथ तोलल्यासारखं आहे हे. सायपाय काय करते, यू एकपर्यंत असेल तर सिरीज, त्याच्यावर गेला की कंटिन्यूड फ्रॅक्शन, जिथं काटाकाटी होतच नाही. हे असं कुठं पद्धत बदलायची याच्यात लोकांची हयात गेली आहे, मोशियर नावाच्या माणसाची सेफस लायब्ररी आणि डोनाल्ड एमॉसचा बेसलचा फोरट्रान कोड सायपायनं वर्षानुवर्षं पोटात घेऊन चालवला. आपण दहा ओळीत त्यांच्यावर कडी करायला जायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

भूजलवाल्या इंजिनिअर लोकांची एक सवय पण याच्यातच येते. ते सिरीजच्या पहिल्या दोन टर्म ठेवून बाकी सोडून देतात, १९४६ पासून कूपर-जेकबची पद्धत म्हणून ती चालते, ग्राफ पेपरवर सरळ रेष येते म्हणून सोयीची. यू ०.०१ च्या खाली असेल तर ठीक, पाव टक्क्याच्या आत चूक. पण यू ०.५६ च्या वर गेला की ते सूत्र पण उणे घट देते. एक्सपी१ हाताशी असताना आता त्या तोडलेल्या सूत्राची गरजच नाही, पण जुन्या एक्सेल शीटमधे तेच बसलेलं असते, तेव्हा कोणी शीट दिली तर आधी ते पाहून घ्या.

काटाकाटीचा आणखी एक नमुना, एरर फंक्शनचा. एक उणे ईआरएफ ऑफ ६ टाका, उत्तर येते शून्य, चक्क शून्य. स्पेशल.ईआरएफसी(६) टाका, येते २.१५ गुणिले दहाचा उणे सतरावा घात. शून्य नाही ना ते. एकातून काहीतरी वजा करायची पाळी आली की थांबायचं आणि लायब्ररीत त्या उरलेल्या भागाचं वेगळं फंक्शन आहे का ते पाहायचं, बहुतेक वेळा असतेच: ईआरएफसी, गॅमाइंकसी, एक्सपीएम१, लॉग१पी. ही नावं कोणी हौसेनं वाढवली नाहीत.

आणि उलट्या बाजूनं फुटणं. गॅमा ऑफ १७१ म्हणजे १७० फॅक्टोरियल, ते ७.२६ गुणिले दहाचा ३०६ वा घात, डबलमधे कसंबसं मावते. १७२ टाकलं की सायपाय इन्फ (म्हणजे अनंत) देते आणि पुढं चालू लागते, पायथनचं स्वतःचं मॅथ.गॅमा मात्र ओव्हरफ्लो एरर देऊन थांबते. मला तर दुसरं जास्त आवडते, थांबलं तर निदान समजते. सायपायला पण बोलतं करता येते:

विथ स्पेशल.एररस्टेट(ऑल='रेझ'):

याच्या आत कोड ठेवला की ती पण गपचूप इन्फ देण्याऐवजी एरर फेकते. पहिल्यांदा कोड चालवताना हे लावूनच चालवा, नंतर वाटलं तर काढा. मोठ्या गॅमांचा भागाकार पाहिजे असेल तर गॅमा काढूच नका, गॅमाएलएन काढा, लॉगची वजाबाकी करा आणि शेवटी एक्सप लावा. ३०० फॅक्टोरियल भागिले २९८ फॅक्टोरियल म्हणजे ३०० गुणिले २९९, म्हणजे ८९,७००, पण गॅमानं गेलात तर इन्फ भागिले इन्फ, नॅन, म्हणजे आकडाच नाही.

आता पडताळणी. एबीएसचा धडा शिकल्यावर मी तीन साक्षीदार ठेवतो, आणि तिघं वेगवेगळ्या गावचे पाहिजेत, एकाच घरातले नाही. एक, माहीत असलेला आकडा: ई-वन ऑफ १ म्हणजे ०.२१९३८४, गॅमा ऑफ अर्धा म्हणजे पायचं वर्गमूळ १.७७२४५४, के ऑफ शून्य म्हणजे पाय भागिले दोन. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेची डीएलएमएफ साइट फुकट आहे, व्याख्या आणि सूत्रं तिथं पक्की मिळतात. दोन, व्याख्या जशीच्या तशी इंटिग्रेट करायची, सायपायच्या क्वाडला फंक्शन द्यायचं, यू पासून एनपी.इन्फ पर्यंत, हे हळू चालते पण पडताळणीला चालते. माझी ई-आयची चूक या एका ओळीत सापडली असती. तीन, एमपीमॅथ, जे फ्रेड्रिक योहानसननं लिहिलं, त्यात पाहिजे तितके आकडे मागा:

फ्रॉम एमपीमॅथ इम्पोर्ट एमपी, एमपीएफ, ई१
एमपी.डीपीएस = ३०
प्रिंट(ई१(एमपीएफ('०.०२७')))

तो आकडा अवतरणात काहून ठेवला ते पाहा. साधा ०.०२७ दिला तर पायथन आधी त्याला बायनरीत बसवते, तिथंच सतराव्या-अठराव्या आकड्याला चूक होते, आणि एमपीमॅथ मग त्या चुकीच्या आकड्याचं तीस अंकी अचूक उत्तर देते. अवतरणात दिला की जसा लिहिला तसा घेते. पण एमपीमॅथनं हजारो बिंदूंचा ग्राफ काढायला जाऊ नका, सायपायपेक्षा ते लयच हळू आहे. ग्राफ सायपायनं, दोन-चार बिंदू एमपीमॅथनं तपासायचे. सायपायचे हे फंक्शन पूर्ण ॲरे एकदम घेतात, एनपी.लिनस्पेस(१०, ४००, २००) असं अंतर द्या, दोनशे घटी एका फटक्यात, फॉर लूप लावायची गरज नाही. मॅथ मॉड्यूलला मात्र ॲरे दिला की ते रुसते.

एवढं सगळं करून मी काकाजींना सांगितलं, दोन फूट पाच इंच. काकाजी म्हणे, "अन माया बोअर तं आठ-दहा फूट उतरते." आता याला एक्सपी१ जबाबदार नाही. वहन आणि साठा मी अंदाजानं धरले होते, वहन निम्मं धरलं तर घट दुप्पट नाही पण दीडपटीच्या वर जाते, आणि त्यांचा स्वतःचा बोअर पण त्याच आठ तासांच्या लाईनीत चालू असते, तो स्वतःच स्वतःचं पाणी उतरवते ते वेगळंच. सोळा आकडे अचूक आलेले फंक्शन आणि अंदाजे घेतलेले वहन-साठा, यांच्या गुणाकाराला एक आकडा पण अचूक म्हणता येत नाही. खरे आकडे पाहिजे असतील तर एक बोअर चालू ठेवून दुसऱ्या बंद बोअरमधे दोरी सोडून दर काही मिनिटांनी पातळी मोजायची, आणि त्या मोजमापाला एक्सपी१ चं सूत्र सायपायच्या कर्व्ह_फिटनं बसवायचं. त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलावं लागते, ते काकाजींवर सोडलं आहे.

शिवाय थाइसचं गणित एकसारख्या, वरून दबलेल्या थरासाठी आहे. आमच्या गाळाच्या पट्ट्यात थोडंफार चालून जाते, पण काळ्या बेसॉल्टच्या गावात, जिथं पाणी भेगांमधूनच चालते, तिथं जपून. आणि वरच्या थरातून पाणी झिरपत असेल तर हंतुश आणि जेकबचं १९५५ चं वेगळं वेल फंक्शन लागते, ते सायपायमधे नाहीच. मग काय करायचं, तर इथं मात्र स्वतः लिहायचं, पण क्वाडच्या भरवशावर. यू पासून अनंतापर्यंत, एक्सप ऑफ उणे वाय उणे आर वर्ग भागिले चार बी वर्ग वाय, भागिले वाय. यात आर म्हणजे अंतर आणि बी म्हणजे झिरपण्याची लांबी. लिहिल्यावर दोन्ही टोकं तपासायची: बी खूप मोठा केला की झिरपणं बंद, उत्तर एक्सपी१(यू) शी जुळलं पाहिजे. आणि यू शून्य केला, म्हणजे मोटर अनंतकाळ चालू, की उत्तर दोन गुणिले स्पेशल.के०(आर / बी) शी जुळलं पाहिजे, आर आणि बी सारखे असतील तर ०.८४२. माझं पहिलं टोक लगेच जुळलं, दुसऱ्या टोकाला मी लिहिलेलं फंक्शन बरोबर दुप्पट दाखवत होतं, अर्धा तास क्वाड उलटापालटा केला, मग दिसलं की तपासायच्या ओळीत के० च्या आधीचा दोन लिहायचाच राहून गेला होता.